विळीला मंगळवार, तर चष्म्याला काय?

विमलअक्कांना कोणी लगेच "हो" म्हटलं की त्या संशयानं बघायच्या. "इतक्या लवकर कसं पटलं हो तुम्हाला?" असं विचारायच्या, आणि समोरच्याला खरंच प्रश्न पडायचा की आपल्याला पटलंय की आपण नुसती मान हलवलीय. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून बावीस वर्षं मान हलवली. त्यामुळे त्यांच्याबद्दल लिहायचा थोडाफार अधिकार मला आहे.

धुळ्याच्या बसस्टँडवर त्या चौकशीच्या खिडकीत बसायच्या आणि मी पलीकडे पासांच्या टेबलावर. नवरा ड्रायव्हर होता. तो गेल्यावर त्या अनुकंपेवर नोकरीला लागल्या. पदरात पाच-सहा वर्षांचा प्रशांत. माहेर फैजपूरचं, केळीच्या बागांमध्ये वाढलेल्या. खिडकीवर येणाऱ्याशी त्या अहिराणीत बोलत, साहेबांशी शुद्ध मराठीत. आणि राग आला की थेट माहेरची बोली बाहेर पडे, ज्या बोलीत केळीची केयी होते आणि डोळ्याचा डोया. ती बोली ऐकू आली की आम्ही खुर्च्या मागे सरकवत असू.

त्यांचं ते प्रकरण सुरू झालं प्रशांतच्या चौथीच्या शिष्यवृत्तीपासून. त्या परीक्षेत समसंबंधांचे प्रश्न असतात. पक्ष्याला घरटं, तर मुंगीला काय? वारूळ. पोरगा रात्रंदिवस तेच घोकायचा आणि एक चुकलं की रडायचा. त्याला हसवायला म्हणून अक्कांनी एकदा विचारलं, "प्रशांत, कढईला पावणेदोन, तर शर्टाला काय?" पोरगा हसला नाही. त्यानं पुस्तकाच्या मागची उत्तरं उघडली आणि त्यात कढई शोधायला लागला. सापडली नाही तेव्हा आणखी रडला. अक्का ही गोष्ट सांगताना हसायच्या, पण शेवटी म्हणायच्या, "माझ्या पोटी उत्तरपत्रिका जन्माला आली हो, सोनवणे."

पोराला उपयोग झाला नाही, पण खिडकीवर झाला. चौकशीच्या खिडकीवर माणूस काय काय विचारतो हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही. आत्ता गेली ती माझी गाडी होती का? ही गाडी पोहोचेल तेव्हा तिकडे पाऊस असेल का? शिरपूरची लागली, मग साक्रीची का नाही? या शेवटच्या प्रश्नावर तर लोक भांडायला उठायचे, जणू शिरपूर आणि साक्री या दोन सख्ख्या बहिणी आहेत आणि एकीला साडी घेतली तर दुसरीलाही घेतली पाहिजे.

असाच एक शेतकरी एके दिवशी खिडकीच्या फळीवर मुठी आपटत होता. "कव्हयना उभा शे मी! साक्रीनी गाडी कव्हय लागी ते सांगा ना!"

अक्कांनी वेळ सांगितली. त्यानं पुन्हा मूठ आपटली. मग अक्का चष्म्यावरून त्याच्याकडे बघत शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, इळीले मंगयवार, ते चष्माले काय?"

मूठ वरच राहिली. "काय?"

"इळीले मंगयवार. चष्माले काय?"

त्यानं मागच्या माणसाकडे पाहिलं. मागचा म्हणाला, चष्म्याला बुधवार असेल. त्याच्या मागची बाई म्हणाली, बुधवार कसा, विळी बाईची, चष्मा पुरुषाचा, म्हणजे वार नाही, महिना लागेल. शेतकऱ्यानं वरची मूठ उघडून हनुवटीला लावली. मग म्हणाला, "चष्माले खोकं."

"काब्र?" अक्कांनी कारण विचारलं.

"मना चष्मा खोकामाच ऱ्हास. घाला ते बायको हासस."

तो स्वतःच हसला. रांग हसली. तेवढ्यात साक्रीची गाडी लागली आणि तो मूठ विसरून पळाला. अक्कांनी मला सांगितलं, "बघा, त्याला गाडीचा राग नव्हताच. घरी कोणी काही विचारत नाही त्याला."

तेव्हापासून हे रोजचंच झालं. त्यांनी एकही प्रश्न दुसऱ्यांदा वापरला नाही आणि एकाचंही उत्तर कधी सांगितलं नाही. उत्तर नव्हतंच. त्यांना बघायचं असे की माणूस अडल्यावर काय करतो. एक प्राध्यापक होते, त्यांनी 'टाचणीला आत्या, तर धरणाला काय' यावर इतकं लांबलचक विवेचन केलं की त्यांची जळगावची गाडी निघून गेली. एका पुढाऱ्याच्या माणसानं आवाज चढवून विचारलं, "मी कोण आहे माहीत आहे का?" अक्का म्हणाल्या, "तेच तर विचारतेय. तुम्हालाही येत नाही म्हणजे अवघडच आहे." सातपुड्याच्या पायथ्याच्या दोन बाया मोहाच्या फुलांची टोपली घेऊन आल्या होत्या. त्यांनी उत्तर तर दिलंच, वर हसत हसत स्वतःच्या भाषेत अक्कांनाच एक उलटा प्रश्न घातला. अक्कांना त्यातला शब्द कळला नाही. दिवसभर त्या खूश होत्या. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला विचारलं," असं चार वेळा तरी म्हणाल्या.

मी यातला कोण, तर "तुम्हीच सांगा ना अक्का" वाला. असल्या माणसांना त्या कमी लेखत नसत, पण चहा सांगताना आमचं नाव शेवटी घेत. त्यांचं एक म्हणणं होतं: उत्तर येत नसेल तर चुकीचं द्या, पण गप्प बसू नका. गप्प माणसाला गाडी सापडत नाही.

एक गोष्ट मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आणि ती सांगताना अजूनही मला चेव येतो. सकाळची वेळ. धोतर-टोपीतले एक आबा आणि त्यांच्याबरोबर तिघे-चौघे, पोराच्या सोयरिकीला निघालेले. आबा खिडकीशी आले, अक्कांचं रिकामं कपाळ पाहिलं आणि दोन पावलं मागे सरले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "भाऊ, आठे दुसरं कोनी नही का? आमी शुभ कामले जाई राहिनूत."

मी उठलो. हो, मी उठलो, मान हलवणारा माणूस मी. अक्कांनी हातानं मला खाली बसवलं. चेहऱ्यावर राग नव्हता, निदान दिसत नव्हता. म्हणाल्या, "आबा, शिरपूरनी गाडी तीन नंबरले शे. आते एक सांगा. कपायले धुळं, ते चप्पलले काय?"

आबा चिडायच्या बेतात होते, पण बरोबरचे लोक विचारात पडले. एक म्हणाला नरडाणा, दुसरा म्हणाला सोनगीर, तिसऱ्याचं म्हणणं गाव नको, पाय म्हणा. वाद घालतच ते गाडीत चढले. संध्याकाळी आबा परत आले, टोपी मागे सरकलेली, चेहरा फुललेला.

"अक्का, ते चप्पलनं काय उत्तर शे? दिनभर भांडनूत आमी."

"सोयरीक जमनी का?"

"जमनी."

"सकाय मनं तोंड पाहीसन गयथात ना? मंग तेच उत्तर शे."

आबांनी टोपी काढली. त्या दिवशी मी पहिल्यांदा अक्कांचा चहा माझ्या हातानं नेऊन दिला.

साहेबांपर्यंत तक्रार जायची ती गेलीच. प्रवाशांना असंबद्ध प्रश्न विचारत असल्याबद्दल खुलासा करावा, असं पत्र आलं. अक्कांनी खुलासा लिहिला तो मला पाठ आहे: "आत्ता गेली ती माझी गाडी होती का, या प्रश्नाचे नियमानुसार उत्तर काय ते कृपया कळवावे, म्हणजे मी संबद्ध उत्तरे देण्यास सुरुवात करीन." खाली सही आणि सहीखाली बारीक अक्षरात, "नोटिशीला खुलासा, तर दुधीभोपळ्याला काय?" साहेबांनी पुढे काही केलं नाही. शिपाई मात्र सांगत होता की त्यांच्या टेबलावरच्या कागदावर पेन्सिलनं दुधी काढलेला त्यानं पाहिला.

अक्का निवृत्त झाल्या, त्यानंतर काही वर्षांनी मीही. त्या धुळ्यातच, देवपुरात, दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहायच्या. हिवाळ्यात भरीत आणि कळण्याची भाकरी केली की मला फोन यायचा. प्रशांत इंजिनिअर होऊन पुण्यात स्थिरावला होता. चांगला मुलगा, मी वाईट म्हणणार नाही. रोज फोन करायचा. पण एकदा अक्का गॅसवर दूध ठेवून शेजारी गेल्या आणि पातेलं जळून धूर झाला, एकदा किल्ली आत ठेवून बाहेरून कुलूप दाबून बसल्या, आणि प्रशांतच्या डोक्यानं घेतलं की आई आता एकटी राहू शकत नाही. घराला कुलूप लावायचं आणि आईला पुण्याला न्यायचं.

"मी नाही येणार," अक्का म्हणाल्या.

"मग डॉक्टर ठरवतील," प्रशांत म्हणाला. "जळगावला एक आहेत, ते चाचणी घेतात. ते म्हणाले बुद्धी ठीक आहे, तर राहा."

अक्कांनी अट मान्य केली, फक्त सोनवणे बरोबर येतील म्हणाल्या. साक्षीदार हवा होता त्यांना. प्रशांतच्या गाडीत मी मागे बसलो. रस्ताभर अक्का गप्प होत्या आणि ते मला मुळीच आवडलं नाही. ज्या बाईनं नवरा गेल्यावर स्वतःच्या हिमतीवर घर उभं केलं, तिला त्या घरात राहता येईल की नाही हे आता एका कागदावर ठरणार होतं.

डॉक्टर तरुण होता, बोलायला मऊ. त्यानं पाच शब्द सांगितले आणि शेवटी विचारीन म्हणाला. मग कागद पुढे केला. "आजी, घड्याळ काढा आणि त्यात रात्रीचे सव्वानऊ दाखवा."

अक्कांनी गाड्यांच्या वेळापत्रकात लिहायच्या तसं ऐटीत लिहिलं: २१.१५.

"घड्याळ काढायचं, आजी. काटे."

"वेळ कळली ना तुम्हाला?"

"कळली, पण..."

"काट्यांवर गाडी सोडली असती तर अर्धं धुळं स्टँडवरच राहिलं असतं."

डॉक्टरनं कागदावर काहीतरी लिहिलं. प्रशांतनं कपाळावर हात मारला. मग डॉक्टर म्हणाला, "केळं आणि संत्रं. दोन्हींत सारखं काय आहे?"

"काही नाही."

"विचार करून सांगा. दोन्ही काय आहेत?"

"दोन्ही वेगळी आहेत."

"दोन्ही फळं आहेत ना, आजी?"

झालं. अक्का खुर्चीत पुढे सरकल्या आणि फैजपूर बाहेर पडलं. "केयी फय हाये? कोनी सांगलं तुमाले? केयी पीक हाये, पीक! फय ते संत्रं. आमच्या गावात कोनाले बी इचारा!"

डॉक्टर जळगावात नवीन असावा, कारण त्यानं शून्य लिहिलं. मला उठून सांगावंसं वाटलं की बाबा, ही चुकली नाही. ज्या घरात वादळानं बाग आडवी झाली की चूल पेटत नाही, त्या घरात केळीला फळ म्हणत नाहीत. फळ बाजारातून आणतात, आजाऱ्याला नेतात. केळी लावतात, जपतात, कापतात आणि तिच्यावर वर्ष काढतात. पण मी नेहमीसारखा गप्प बसलो. आजही स्वतःचा राग येतो.

शेवटी डॉक्टरनं पाच शब्द विचारले. अक्कांनी पाचही सांगितले, आणि वर उलट्या क्रमानंही. तरी बेरीज करून डॉक्टर म्हणाला, "काठावर आहे. एकटं ठेवू नये असं मी म्हणेन."

प्रशांतनं सुटकेचा निःश्वास टाकला. अक्का उठल्या नाहीत. "डॉक्टर, आता माझा एक. पारोळ्याला कात्री, तर उशीला काय?"

डॉक्टर हसला, डोकं खाजवलं, खरंच प्रयत्न केला. मग म्हणाला, "नाही जमत, आजी."

"मग लिहा शून्य. तुम्ही माझं लिहिलं, मी तुमचं लिहिते." हे म्हणताना त्याही थोड्या हसल्या. त्यांना डॉक्टर आवडला होता, नाही येत म्हणाला म्हणून. "आता हाच कागद प्रशांतला द्या."

"आई, काहीतरीच काय?"

"मला नेणारा माणूस तपासून घेतला पाहिजे. गाडी सोडताना आम्ही ड्रायव्हर बघतो."

बाहेर कोणी पेशंट नव्हतं. डॉक्टरनं हसत हसत नवे पाच शब्द सांगितले. प्रशांत बसला, खिशात फोन थरथरत होता. तारीख विचारली तर त्यानं कालची सांगितली. घड्याळ सुबक काढलं, केळं-संत्रं फळ म्हणाला. पाच शब्दांपैकी तीन आठवले. चौथ्यासाठी त्यानं छताकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग माझ्याकडे, जणू उत्तरं माझ्या मागच्या पानावर छापली आहेत.

अक्कांनी पदर सावरला. "डॉक्टर, याला कोणाजवळ ठेवायचं?"

मी इतका हसलो की मला पाणी द्यावं लागलं. डॉक्टरही हसला. प्रशांत हसला नाही. परतताना पारोळ्याला चहाला थांबलो तेव्हा तो गाडीच्या बॉनेटला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "आई, मी वाईट आहे का गं? मला झोप लागत नाही. फोन उचलला नाहीस की मी मीटिंगमधून उठतो."

अक्कांनी हातातला कप बॉनेटवर ठेवला. मग त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "वाईट नाहीस. पण माझ्या घराला कुलूप तू नाही लावायचं, डॉक्टरनंही नाही. माझं मला कळेल. त्या दिवशी मीच सांगेन."

"आणि नाही कळलं तर?"

"कळेल," म्हणाल्या. प्रशांतनं मान हलवली. या वेळी त्यांनी त्याच्याकडे संशयानं पाहिलं नाही.

त्यानंतर दीड वर्ष त्या देवपुरातच राहिल्या. गॅसजवळ भिंतीवर खडूनं 'बंद?' असं लिहून ठेवलं होतं आणि त्याची त्यांना काही लाज नव्हती. मी आठवड्यातून दोनदा जायचो. दार उघडल्या उघडल्या प्रश्न असायचा. परातीला मामा, तर पोस्टाला काय. मी म्हातारपणी सुधारलो होतो, काहीतरी चुकीचं उत्तर द्यायचोच. "शाबास," म्हणायच्या, "आता तुम्हाला गाडी सापडेल."

एके सकाळी गेलो. त्या अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी गेटची कडी काढतोय तोच म्हणाल्या, "सोनवणे, गाईला वासरू, तर म्हशीला काय?"

मी चपला काढता काढता म्हणालो, "रेडकू."

"बरोबर."

मी एक पाय उचललेला तसाच उभा राहिलो. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. मी चेहरा सरळ ठेवायचा प्रयत्न केला, पण माणसांचे चेहरे वाचण्यातच त्या बाईचा जन्म गेला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूहळू त्यांच्या लक्षात आलं.

"सोपा होता ना?"

"हो, अक्का."

"त्याला उत्तर होतं."

"हो."

त्या उठल्या, आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला. मला वाटलं रडत असतील, पण त्या चहा करत होत्या. कप माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "प्रशांतला फोन लावा. सांगा, आई येतेय. आणि म्हणावं, घ्यायला येऊ नकोस. मी बसनं येणार."

मी म्हणालो, निदान मी बरोबर येतो. "तुम्ही स्टँडपर्यंत या," म्हणाल्या. "पुढचं मी बघते." प्रशांतनं फोनवर खूप समजावलं, शेवटी तिकडच्या स्टँडवर उभा राहतो म्हणाला. दोन दिवसांनी अक्कांनी घराला स्वतः कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि किल्ली कमरेला खोचली.

स्टँडवर ओळखीचं कोणी उरलं नव्हतं. आमच्या खिडकीत एक नवी मुलगी बसली होती. अक्का तिच्याकडे न बघता सरळ पुण्याच्या गाडीपाशी गेल्या, पाटी वाचली, पुन्हा एकदा वाचली आणि चढल्या. खिडकीची जागा मिळाली. मी खाली उभा राहून पाण्याची बाटली आत दिली. तेवढ्यात कंडक्टर तिकिटाचं मशिन घेऊन आला.

"कुठं जायचं, आजी?"

अक्कांचे ओठ हलले. शब्द आला नाही. धुळ्याहून सुटणारं एकूण एक गाव ज्या बाईला वेळेसकट पाठ होतं, तिला गावाचं नाव सापडेना. माझ्या जिभेवर आलं होतं, मी तोंडही उघडलं, पण त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं. मग त्यांनी डाव्या हाताची मूठ कंडक्टरच्या नाकासमोर धरली आणि उघडली. तळव्यावर निळ्या पेनानं ठळक अक्षरात लिहिलेलं होतं.

"वाचता येतं ना?" अक्का म्हणाल्या. "मग वाच."

कंडक्टरनं वाचलं. "पुणे."

"हां," त्या म्हणाल्या. "एक."